दोखम्याची वाट

जालशेठनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्याचं एक टोक स्वतःच्या बोटाला गुंडाळलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं.

"घे. इथे एकट्यानं चढत नाय. टिपक्या असता तर तुला त्रास दिला नसता."

टिपक्या म्हणजे कुत्रा. तो जाऊन वीस वर्षं उलटली. कुत्र्याच्या जागी आपली नेमणूक झाली म्हणून एरवी मी चार शब्द सुनावले असते. माझी जीभ आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. पण मी निमूटपणे टोक धरलं. मलमलीचा जुना रुमाल होता, धुऊन धुऊन मऊ झालेला, कडेची हातशिलाई एका जागी उसवलेली. माझा धंदा पिको-फॉलचा, त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की नजर आधी काठाकडे जाते.

वांगणीहून आत, आमच्या वाडीच्या माथ्यावर ही टेकडी आहे आणि टेकडीवर दोखमा. गोल, उंच, उघड्या माथ्याची दगडी भिंत. पारशी लोक आपलं माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरत नाहीत. या भिंतीच्या आत उघड्या आभाळाखाली ठेवतात आणि गिधाडांच्या स्वाधीन करतात. माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणत असू, इथला रखवालदार होता. टेकडीच्या पायथ्याशी चिकूच्या बागेत एक कौलारू बंगला होता आणि त्यात पिरोजबाय राहत होती, या भागातली शेवटची पारशीण. जालशेठ तिचे भाचे, मुंबईला असतात, आता ऐंशीला टेकलेत. चार दिवसांपूर्वी त्यांचा दुकानात फोन आला. खाली फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, वाटेला कायमचं कुंपण घालायचं ठरलंय, त्याआधी एकदा मावशीची जागा बघायची आहे, आणि वाट माहीत असलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, असं म्हणाले.

मी कॅम्प पाचातलं दुकान बंद ठेवलं. शेजारच्या सिंधी काकूंनी विचारलं, "क्या दीदी, शादी में?" मी नुसती मान हलवली. कारण सांगण्यासारखं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी मी जालशेठना एक खोटं सांगितलं होतं. त्या खोट्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपल्या मावशीचा देह या टेकडीवर आणला. आबा गेला, ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. ते खोटं एकट्या माझ्यापाशी राहिलं होतं. आज ते सांगून टाकायचं, असं ठरवून मी घरातून निघाले होते.

वाट तीच होती. म्हणजे वाट म्हणायची पद्धत. करवंदीच्या जाळ्या दोन्ही अंगांनी आत आलेल्या. फाल्गुनाचे दिवस, करवंदी फुललेल्या. तो वास नाकात गेला आणि मी एकदम सतरा वर्षांची झाले.

आमच्या वाडीत कोणी दोखमा म्हणत नसे. पारशांची विहीर म्हणत. लहानपणी मला वाटे की आत पाणी असेल. आबाला विचारलं तर म्हणाला, "त्या विहिरीचं पानी कोन पित नाय," आणि विषय संपला. शाळेत गुरुजींनी इंग्रजी नाव सांगितलं, टॉवर ऑफ सायलेन्स, आणि वर त्याचं मराठी करून फळ्यावर लिहिलं, शांततेचा मनोरा. मला ते फार आवडलं. संध्याकाळी मी फुशारकीने पिरोजबायला ऐकवलं, तर ती इतकी हसली की खुर्चीचा वेत करकरला.

"सायलेन्स? कोणतरी साहेब लांबून दुर्बिणीने बघून गेला असेल. वरती जाऊन ऐक जरा! नुसती मारामारी! दोखमा बोल, पोरी. जे आहे ते बोल."

खरंच होतं तिचं. वर्षातून दोन-तीनदाच पांढऱ्या कपड्यांतली माणसं कल्याणच्या बाजूने येत, पण त्या दिवशी वाडीपर्यंत आवाज येई. घोंगडी झटकावी तसे पंख. फिसकारणं, किंचाळणं, भिंतीवर जागेसाठी ढकलाढकली. बाकीचे दिवस गिधाडं आमच्याच ढोरांवर जगत. कोणाचा बैल मेला, म्हैस मेली की ओढ्यापलीकडच्या माळावर ओढून टाकायची. तासाभरात आभाळ काळं ठिपकेदार व्हायचं. दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा. वाडीत त्याचं कोणाला काही वाटत नसे. आई तिकडे बघत भात निवडायची.

मला मात्र दोखमा आठवतो तो बायच्या घराच्या वासातून. दिवेलागणीला ती लोबान फिरवायची, प्रत्येक खोलीत, पलंगाखाली, कपाटाच्या मागे, अगदी कोंबड्यांच्या खुराड्यापाशीसुद्धा. उंबऱ्यावर चुन्याची भुकटी भरलेल्या भोकांच्या डब्यांनी मासळ्यांची नक्षी उमटवायची. स्वयंपाकघरात तळलेल्या कांद्याचा वास आणि त्याच्यावर तरंगणारा वेलचीचा. तिच्या पदराला कापूर आणि जुन्या लाकडाचा वास. एप्रिलमध्ये वाडीतली माणसं शेतात राब भाजायची, पाला-शेण जाळून भाताच्या रोपाची जमीन तयार करायची, तो धूर चिकूच्या बागेत शिरला की बाय खोकत खोकत म्हणायची, "तुम्ही लोक मला जिवंतपणीच धुरी देते!" पण खिडकी लावायची नाही. राबाच्या धुरावर गिधाडं फार छान तरंगतात, असं तिचं मत होतं. पंख न हलवता, गोल गोल. ती व्हरांड्यात बसून हाताचा छज्जा करून बघत राहायची आणि बघता बघता मोजायची.

एकदा मी विचारलं, "बाय, तुला भीती नाय वाटत? ते तुला खाणार."

"खाऊ दे की. आयुष्यभर मी कोंबडी खाल्ली, बकरा खाल्ला, तेव्हा कोणी विचारला मला?" मग म्हणाली, "माणसाकडे शेवटी काय राहते, सांग. पैसा गेला, घर भाच्याला गेला. एक हे शरीर राहते. ते पण देऊन टाकायचा. आग खराब नाय करायची, माती खराब नाय करायची. भुकेल्याला द्यायचा आणि मोकळा व्हायचा."

इतकं साधं बोलायची ती. मला त्या वयात मरणाची किळस होती, ती तिच्यामुळे गेली. आमच्याकडे सरण, राख, पिंड, कावळा शिवला की नाही त्याची घालमेल. तिच्याकडे फक्त आभाळाकडे बघायचं होतं.

गिधाडं कधी कमी व्हायला लागली ते कोणी सांगू शकणार नाही. आधी शंभर असायची, मग पन्नास, मग लक्षात आलं की माळावर टाकलेली म्हैस आठ दिवस तशीच पडून आहे आणि कुत्री माजलीत. झाडांवर बसलेली गिधाडं माना टाकून बसायची. नुसती बसून राहायची, पेंगल्यासारखी, आणि एके सकाळी खाली पडलेली दिसायची. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की ढोरांना दुखण्यावर जे इंजेक्शन देत होते, ते मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि त्यांना मारी. आमच्या ढवळ्यालाही दिलं होतं. त्याचा पाय सुजला होता, आबाने बदलापूरहून डॉक्टर आणला, इंजेक्शनाने ढवळ्याला दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी तो गेला. आम्ही रडत रडत त्याला माळावर नेलं. आपल्या बैलाला आराम पडावा म्हणून केलं होतं. दुसरं काय करणार होतो?

शेवटचा एक राहिला. लंगडा. त्याचा एक पाय वाकडा होता, भिंतीवर उतरताना तो दोनदा उड्या मारून तोल सावरायचा. बायचा तो लाडका. तोवर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, तिला टेकडी म्हणजे नुसता करडा ढग दिसे, म्हणून रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी तिच्याकडे जायचं आणि सांगायचं, अशी आमची रीत पडली. "लंगडो आव्यो?" एवढंच ती विचारायची. मग तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पलंगाला खिळली. त्याच महिन्यात लंगडा सावरीच्या झाडावर मान टाकून बसला. चार दिवस बसला. पाचव्या दिवशी आबाने त्याला ओढ्याकाठी पुरलं आणि मला म्हणाला, "बायला नको सांगूस गो. जेवाची नाय."

मी खोलीत गेले. लोबानाचा धूर नुकताच फिरला होता. ताटात अंडं-टोमॅटो तसंच पडलेलं. बायने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"आव्यो?"

"आला," मी म्हणाले. "आणि सोबत दोन."

तिने हात पुढे केला आणि मी तिला भरवलं. सगळं ताट संपवलं तिने.

खोटं बोलणं किती सोपं असतं ते त्या संध्याकाळी मला कळलं. एकदा दोन म्हटल्यावर उद्या शून्य कसं म्हणणार? मी म्हणाले, चार. परवा तीन, रोज वाढवले तर संशय येईल, एवढी अक्कल होती. आठवड्याभरात मी तरबेज झाले. एकाच्या गळ्याला पांढरी पिसं आहेत. दोन भांडत होती. एक पिल्लू आहे बहुतेक, अजून रंग यायचाय. बाय डोळे मिटून ऐकायची आणि गालात हसायची. कॉलेजात मला अर्थशास्त्रात काठावर मार्क होते, पण तिच्या पलंगाशी बसले की मी दिसेल ते, न दिसेल ते, सगळं उभं करायची. खरं सांगते, त्या एका वर्षात मला स्वतःलाही ती दिसू लागली होती. घरी परतताना मी टेकडीकडे बघायची आणि रिकामी भिंत बघून मलाच नवल वाटायचं.

मग जालशेठ आले. तेव्हा पन्नाशीचे, गोरेपान, कपाळावर सतत घाम. मावशीच्या पलंगाशी खुर्ची ओढून हळूहळू बोलू लागले. मुंबईत पक्षी राहिले नाहीत. तिथे आता फार वाईट आहे, मावशी, तुला माहीत नाही. काही लोक दफन करतात, काही इलेक्ट्रिकवर नेतात. तूही हो म्हण, मी सगळी नीट सोय करतो.

"मुंबईत नसेल," बाय म्हणाली. "आपल्याकडे आहेत. विचार ह्या पोरीला."

मी दारात उभी होते, हातात टिपक्याची दोरी. जालशेठ वळले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी विसरलेले नाही. त्यांना माझ्याकडून हो ऐकायचं होतं. मावशीला जाळायचं नव्हतं त्यांना.

"खरंच आहेत?"

मी आबाकडे बघितलं. तो व्हरांड्याच्या पायरीवर पाठ करून बसला होता आणि त्याने पाठ तशीच ठेवली.

"आहेत," मी म्हणाले. "काल नऊ बसली होती."

बास. एवढंच वाक्य. जालशेठनी डोळे मिटून सुस्कारा सोडला, मावशीचा हात थोपटला आणि निघताना मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. सतरा वर्षांच्या पोरीला, पन्नाशीच्या माणसाने.

पुढच्या फाल्गुनात बाय गेली. दुपारची वेळ, बाहेर कोकीळ ओरडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून सगळे आले. दोन दस्तूर म्हणजे त्यांचे धर्मगुरू, चार खांधिये म्हणजे देह वाहून नेणारी माणसं, आणि पाच नातेवाईक. तिला धुऊन पांढरे कपडे घालून दगडावर ठेवलं, भोवती खिळ्याने जमिनीवर गोल रेघ ओढली. त्यानंतर आम्हा परजातीच्या लोकांना तिचं तोंड बघायला मनाई होती. मग कुत्रा मागितला. मेलेल्यावर कुत्र्याची नजर पडल्याशिवाय त्यांचं पुढचं काही होत नाही. आणि तोही डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, चार डोळ्यांचा म्हणतात तसा. आमचा टिपक्या नेमका तसाच. बायने त्याला त्यासाठीच पाळला होता, असं ती चक्क त्याच्यासमोर सांगायची. मी त्याला उंबऱ्यापर्यंत नेलं आणि दोरी सोडली. तो आत गेला, बराच वेळ बघत उभा राहिला, आणि परत आला तेव्हा माझ्या पायाला अंग घासून बसला.

निघताना अडचण झाली. प्रेतामागे जोडीजोडीने चालायचं, प्रत्येक जोडीने मध्ये पांढरा रुमाल धरायचा, एकट्याने चालायचं नाही, असा त्यांचा नियम. पाच माणसांत दोन जोड्या झाल्या, जालशेठ उरले. थोरले दस्तूर म्हणाले, माणूस नसेल तर कुत्रा चालतो. मग जालशेठनी रुमालाचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं टिपक्याच्या दोरीला बांधलं. ते दोघं सगळ्यांच्या मागून या वाटेने वर गेले. टिपक्या एरवी सशामागे उधळणारा. त्या दिवशी शहाण्या माणसासारखा पावलाला पाऊल लावून चालला. मी खाली चिकूच्या झाडाखाली उभी राहून बघत होते आणि मनात एकच धावा करत होते. ये. एक तरी ये. कुठूनही ये.

वरून तीन टाळ्या ऐकू आल्या. आतलं काम झालं, अशी ती खांधियांची खूण. मग काही ऐकू आलं नाही. पंखांचा आवाज नाही, फिसकारणं नाही. गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं नाव त्या दिवशी खरं झालं.

चौथ्या दिवशी पहाटेची प्रार्थना करून जालशेठ मुंबईला गेले. जाताना, टेकडीकडे न बघताच, आबाला विचारलं, "आले ना?" आबा म्हणाला, "जी." त्यानंतरचे दिवस मी सांगणार नाही. ऊन होतं. घारी होत्या, कावळे होते. वारा खाली वाडीकडे वाहायचा तेव्हा बायका दारं लावून घ्यायच्या आणि आबा घरोघरी जाऊन हात जोडायचा, जरा सोसा, कोनाला सांगू नका. आईने सगळ्या खोल्यांत लोबान फिरवला, बायसारखा. मी जेवायला बसले की मला अंडं-टोमॅटोचं ताट दिसायचं. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा आबा पहिल्यांदा रात्रभर झोपला. माझ्याशी तो त्याविषयी एक अक्षर बोलला नाही, मरेपर्यंत नाही. बोलला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"दमली काय?" जालशेठ विचारत होते.

आम्ही वर पोहोचलो होतो. मी नाही म्हणाले. दमले ते होते. गुडघा धरून दगडावर बसले. दोखम्याची भिंत अजून उभी आहे. चुन्याचा गिलावा गेलाय, सांध्यांतून उंबर उगवलाय, लोखंडी दाराला गंजाचे पापुद्रे. त्या दाराच्या आत आबानेही कधी पाऊल टाकलं नव्हतं. जालशेठनी लांबूनच कमरेची कस्ती, म्हणजे त्यांचा पवित्र गोफ, सोडली, पुटपुटत पुन्हा बांधली. मी पाठ करून उभी राहिले. खाली उल्हास नदीकडच्या बाजूला नवीन इमारतींचे निळे-पिवळे रंग दिसत होते. माळ ओळखू येत नव्हता.

"तुला सांगू?" ते म्हणाले. "खोर्शेद गेली, माझी बायको, दोन वर्षं झाली. तिला पक्षी नाय मिळाले. इलेक्ट्रिकवर नेली मी. चाळीस वर्षं माझ्या बाजूला झोपली ती बाई आणि मी तिला आगीत दिली. खूप रडलो. मग स्वतःलाच बोललो, जाल, घरातल्या एकीला तरी तू बरोबर पोहोचवलं. मावशीला मिळाले. आमच्याकडे सगळ्यांना सांगतो मी, माझी मावशी शेवटची. तिच्यानंतर कोणाला पक्षी नाय मिळाले."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कोणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. म्हातारा दोन वर्षं ज्या काठीवर टेकून उभा होता ती काठी काढून घ्यायला मी कॅम्प पाचातून दुकान बंद करून आले होते, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तरी मी थांबले नाही. पंचवीस वर्षं मी ते एकटीने वागवलं होतं, आणि मला ते एकदाचं बाहेर हवं होतं. माझ्यासाठी. त्यांच्यासाठी नाही.

"शेठ, पक्षी नव्हते."

"आता कुठले असणार?"

"आता नाही. तेव्हा. मावशी गेली तेव्हा. त्याच्या वर्षभर आधीपासून एकही नव्हता. मी खोटं सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग वर.

"नऊ बोलली होती तू."

"हो."

"मग आलं कोण?"

"ऊन," मी म्हणाले. "घारी. मग पाऊस."

"तुझ्या बापाला माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली. आबाचं नाव मध्ये येईल हे मी धरलंच नव्हतं. मेलेल्या बापालाही मी त्या दगडावर उभं केलं.

जालशेठ ओरडले असते तर मला चाललं असतं. ते उठले, मांडीवर पडलेला रुमाल उचलून नीट चौकोनी घडी केली, खिशात ठेवला आणि एकटेच उतरायला लागले. मी दहा पावलं मागे. त्यांची काठी मुरमात रुतत होती, बारीक खडे घरंगळत खाली जात होते. हात द्यावा असं वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने देणार? ओझं हलकं होईल असं मी समजत होते. ते हलकं वगैरे काही झालं नव्हतं. ते आता माझ्यापुढे दहा पावलांवर वाकून चाललं होतं आणि मला ते दिसत होतं.

मधल्या उतारावर, जिथे वाट घसरडी होते आणि पूर्वी आबाने दगडाच्या चार पायऱ्या बसवल्या होत्या, तिथे ते थांबले. वळले नाहीत.

"मावशी तुला शेवटपर्यंत विचारायची? पक्षी आले काय म्हणून?"

"रोज."

"गेली त्या दिवशी पण?"

"हो. सकाळी."

"किती सांगितले?"

मला ती सकाळ स्पष्ट आठवत होती. तिचा हात गार पडत चालला होता, आवाज उरला नव्हता, नुसते ओठ हलले होते. आयुष्यात मी चौदाच्या वर कधी गेले नव्हते. पण त्या दिवशी हात आखडता घ्यावासा वाटला नाही.

"एकवीस," मी म्हणाले.

"लंगडा?"

"तो पण. सगळ्यांच्या पुढे."

करवंदीत एक भारद्वाज घुमत होता. "एकवीस," जालशेठ स्वतःशी म्हणाले. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, नाक पुसलं. मग मागे न बघताच हात मागे केला. बोटांतून रुमालाचं टोक लोंबत होतं.

"माफ केलं असं समजू नको," ते म्हणाले. "पण इथून एकट्यानं उतरत नाय."

मी पुढे झाले आणि टोक धरलं. रुमाल ओला होता.